उजव्या बरगडीखालची तपासणी

…आणि वर मलाच विचारतात, "पिता का?" अहो, मला! ज्या माणसाने आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून, मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून, मग झाकणाचं सील दोनदा फिरवून बघून मगच तोंडाला लावलं, त्या माणसाला! तुम्हाला सांगतो, माणसाचा गुडघा धरू दे, दाढ ठणकू दे, पाठीत उसण भरू दे, लोक हळहळतात. पण यकृताला काही झालं म्हणा, समोरचा आधी हळहळत नाही… आधी हुंगतो!

आता सुरुवात कुठून करू? कामापासूनच करतो. मी बाटल्या बघतो. हसू नका, तेच माझं काम आहे. थंड सरबताचा कारखाना, पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे पांढरा दिवा, पुढे स्टुलावर मी. मिनिटाला साठ बाटल्या. तडा दिसला, बाटली बाहेर. तळाशी कचरा दिसला, बाहेर. झाकण वाकडं, बाहेर. सव्वीस वर्षं! कारखान्यात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'भिंग' म्हणतात. नवीन आलेले 'भिंगकाका'. मग असा माणूस घरी येऊन दूध पिशवीतून पातेल्यात ओतताना जरा उजेडात धरून बघणारच ना? बायको म्हणते, "किती हो संशय तुम्हाला!" मी म्हणतो, संशय नाही, तपासणी!

तर कारखान्याची वार्षिक आरोग्य तपासणी. एका माणसाने माझ्या पोटावर थंडगार चिकट काहीतरी फासलं, वर ते यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघून "हं" म्हणाला. मी म्हटलं, "हं म्हणजे?" तर म्हणतो, "डॉक्टर सांगतील." आणि डॉक्टर! त्यांनी मान वर केली असेल तर शपथ. कागदाकडे बघत म्हणाले, "यकृतावर चरबी आहे. पिता का?"

"नाही."

"थोडी?"

"नाही."

"समारंभाला वगैरे? कुणी आग्रह केला तर?"

"मला आग्रह करायला कुणी बोलवतच नाही हो!"

त्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आता मला सव्वीस वर्षांची सवय, मला उलटं अक्षरसुद्धा सुलटं दिसतं. त्यांनी लिहिलं होतं, 'नाही म्हणतो'. कळलं का? 'पीत नाही' असं नाही… 'नाही म्हणतो'! मग म्हणाले, "रोज चाला, वजन उतरवा, गोड आणि तळलेलं बंद, तीन महिन्यांनी या." संपलं. पुढचा!

घरी आलो, बायकोला कागद दिला. तिने वाचला, घडी घातली. मी अंघोळीला गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर काय, ही चपलांच्या कपाटामागे हात घालून चाचपडतेय! मी म्हटलं, "काय शोधतेस?" म्हणाली, "काही नाही, झुरळ." दुसऱ्या दिवशी झुरळ माझ्या कपड्यांच्या खणात. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे. माझ्या घरात, माझ्यावर, तपासणी!

आणि मग आली मेव्हणी. माझी मेव्हणी म्हणजे… ती बोलायला लागली की पूर्णविराम लाजून बाहेर जाऊन उभा राहतो. "भाऊजी, अहो तुम्ही एकदा त्या बाईंकडे जाच, अहो हात काय हात आहे त्यांचा, नुसता इथे असा बरगडीखाली ठेवतात, दाबत नाहीत हं, नुसता ठेवतात, आणि सगळं कसं मोकळं मोकळं, माझ्या नणंदेची सासू तर म्हणे उठून सरळ जिना चढली, ते यकृताचं पण करतात, मी तुमचं नाव दिलंय मंगळवारी पाचला!"

नाव दिलंय! मी म्हटलं, "यकृत दिसतं का त्या बाईंना?" म्हणाली, "दिसत नाही, जाणवतं." मी म्हटलं, "मलाही बरंच काही जाणवतंय." पण बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पट्ट्यावरून बाहेर काढलेली बाटली. म्हटलं, जाऊ. जाऊन त्या बाईंचं बिंग फोडू. संशय नाही हो, तपासणी!

तुम्हाला सांगतो, मी तयारीने गेलो. चिठ्ठीवर प्रश्न लिहून. शिंप्याच्या दुकानावर दुसरा मजला, अरुंद जिना, छोटी बाहेरची खोली, खिडकीखाली दोन खुर्च्या, आत एक उंच अरुंद टेबल, त्यावर धुतलेली चादर. मी भिंती बघितल्या. मला वाटलं होतं, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो असतील, चूर्णाच्या बरण्या असतील, कुणाकुणाची आभाराची पत्रं चौकटीत लावलेली असतील. काही नाही! एक शिकल्याचं प्रमाणपत्र, एक घड्याळ, हात धुवायचं भांडं. अहो, ज्या भिंतीवर काहीच नाही, त्या भिंतीवर माणसाने काय पकडायचं?

बाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली. मी चिठ्ठी काढली. "तुम्ही हात ठेवल्याने यकृतावरची चरबी जाते का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मी चिठ्ठीकडे बघितलं. या उत्तराची सोयच केली नव्हती. "मग… रिपोर्ट सुधारतो का?"

"माझ्यामुळे सुधारेल असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"चाला, वजन उतरवा, गोड बंद."

"मग तेच खरं औषध. ते सोडून इथे येणार असाल तर येऊ नका. माझ्या हाताने बरगड्यांमधले, पोटाच्या वरचे आखडलेले स्नायू सैल होतात, श्वास खाली उतरतो, बरं वाटतं. बरं वाटलं की माणूस चालायला बाहेर पडतो. इतकंच."

इतकंच! आता मला सांगा, कापडवाला स्वतःच्या तोंडाने म्हणाला, 'याचा रंग जाणार बरं का', तर तुम्ही काय समजाल? तुम्ही म्हणाल, प्रामाणिक आहे. मी समजलो, ही मुरलेली आहे! साधा लबाड माणूस 'हो' म्हणतो. 'नाही' म्हणणारा लबाड… त्याच्या मागे मोठी टोळी असते! म्हटलं, आता तर टेबलावर चढायलाच हवं.

चढलो. बाईंनी तळहाताला थोडं तेल चोळलं आणि हात ठेवला. उजव्या बरगडीखाली. तुम्हाला सांगतो, हात गरम! मी वाकून टेबलाखाली बघितलं, विजेचं काही लावलंय का. काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "श्वास घ्या."

"घेतोय."

"हा छातीतच अडकतोय. खाली, माझ्या हातापर्यंत येऊ द्या."

"माझा एवढाच येतो."

"काय काम करता?"

"बाटल्या बघतो."

"श्वास धरून?"

आता बघा, सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि खरंच की हो, पट्टा चालू झाला की मी श्वास धरतो! एक बाटली निसटली तर? त्यात काच असली तर? कुणाच्या लेकराने ती तोंडाला लावली तर? जेवणाच्या सुट्टीत सोडतो तेवढाच. मी म्हटलं, "हो, म्हणजे… तसंच काहीसं." बाईंचा हात तिथेच. बरगड्यांच्या कडेकडेने बोटं सावकाश सरकली, जसं कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं. मी ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत. मिटले की माणूस फसला.

जागा झालो तो स्वतःच्या घोरण्याने.

पहिली गोष्ट काय केली? मनगटावरचं घड्याळ बघितलं. जागेवर. चष्मा? जागेवर. खिशातली चिठ्ठी? तीही जागेवर! काही म्हणजे काही गेलं नव्हतं. उलट जिना उतरताना पायऱ्या हलक्या वाटल्या, आणि मी चक्क दोन थांबे आधी बसमधून उतरून चालत घरी आलो. मला माझाच संशय यायला लागला… संशय नाही हो, तपासणी!

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा गेलो. का गेलो विचारू नका. एका खेपेत टोळी सापडत नाही. त्या दिवशी हात ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "दिवसभरात काय पिता?"

मी ताडकन उठून बसलो! "तुम्ही पण? अहो, मी दारूच्या थेंबाला…"

"दारू नाही विचारली. काय पिता, ते विचारलं."

आणि काय सांगू… मी हळूच परत आडवा झालो. कारण, तुम्ही आपले म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. आमच्या कारखान्यात ज्या बाटलीला लेबल तिरकं लागतं, ती बाजारात जात नाही. आतला माल उत्तम असतो. नारिंगी, गोड, फसफसतं सरबत. ती बाटली कामगारांनी प्यायची, तसा रिवाज आहे. आणि लेबल तिरकं आहे की सरळ आहे, हे ठरवणार कोण? मी! तुम्हाला सांगतो, उन्हाळ्यात लेबलं फार तिरकी लागतात. सकाळी दोन, जेवणानंतर एक, दुपारी पेंग येते तेव्हा दोन, निघताना एक. सहा! रोज! सव्वीस वर्षं!

बाईंनी हसायला नको का? हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे डॉक्टरांना सांगितलंत?" म्हटलं, "त्यांनी दारूचं विचारलं." म्हणाल्या, "त्यांना सांगा. आणि उद्यापासून पाणी." बस्स. डॉक्टरांच्या यंत्राने जे काढलं नाही, बायकोच्या झुरळांना जे सापडलं नाही, ते या बाईने एका प्रश्नात बाहेर काढलं.

आता इकडे घरी काय चाललंय? नवरा मंगळवार-मंगळवार उशिरा येतो, अंगाला कसल्यातरी तेलाचा वास, चेहऱ्यावर तजेला, आणि विचारलं तर म्हणतो, "छान झोप लागली." बायकोने काय समजावं? तिने तिच्या परीने समजलं. तिसऱ्या मंगळवारी पदर खोचून म्हणाली, "मी येते सोबत." मी म्हटलं, "कशाला?" म्हणाली, "तपासायला!"

आली. बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या खुर्चीवर बसली. पाच वाजलेले, पण उन्हाची तिरीप थेट तिच्या तोंडावर. बाई मला आत बोलवायला दारात आल्या आणि… थांबल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ हिच्यापुढे जाऊन उकिडव्या बसल्या. "ताई, जरा खिडकीकडे बघता?" आणि अंगठ्याने हिच्या डोळ्याखालची कड ओढली.

"अंगाला खाज येते?"

हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तो साबण! मी हिला सांगितलंच होतं, नवीन साबण नकली आहे, मी वेष्टनावर बारीक…"

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "ताई, किती दिवस?"

"पंधरा-एक दिवस."

"जेवण?"

"जात नाही." हे मला माहीत होतं! मी ताडलं होतं, ही दुपारी बहिणीकडे खाऊन येते आणि मला सांगत नाही!

"लघवीचा रंग?"

ही खाली बघून हळू म्हणाली, "गडद. चहासारखा. यांचंच यकृताचं चाललंय, त्यात माझं कुठे…"

बाई उठल्या. "कावीळ वाटतेय मला. मी डॉक्टर नाही, कशामुळे ते मी सांगू शकत नाही आणि मी यांच्या पोटाला हातही लावणार नाही. आत्ता दवाखान्यात न्या. उद्या नाही. आत्ता."

आणि माझं डोकं बघा कसं चालतं! पहिला विचार काय आला? बाईंचं आणि डॉक्टरांचं साटंलोटं! गिऱ्हाईक इकडून तिकडे! हे वाक्य अगदी ओठांवर घेऊन मी जिना उतरलो. खाली शिंप्याच्या दुकानाबाहेर लख्ख ऊन होतं. ही रिक्षाला हात करायला वळली, आणि मी हिच्या तोंडाकडे बघितलं.

पिवळी होती हो. डोळ्यांची बुबुळं सोडली तर सगळं पिवळं. कपाळ, गाल, गळा… जुन्या वर्तमानपत्रासारखं.

मिनिटाला साठ बाटल्या. केसाएवढा तडा मी चार हातांवरून पकडतो. आणि ही बाई रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिते, आणि मी त्या वेळी काय बघत होतो? दुधाची पिशवी! "संशय नाही, तपासणी" म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडातून निघालं ते फक्त, "रिक्षा!"

दवाखान्यात त्यांनी तिला आत नेलं. रात्रीपर्यंत कळलं, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, पित्त पुढे जायला वाटच नाही. तिथले डॉक्टर, त्यांनी मात्र मान वर करून बघितलं माझ्याकडे, म्हणाले, "ताप चढायच्या आत आणलंत ते बरं केलंत. आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं. कुणी ओळखलं?" मी म्हटलं, "हातांनी उपचार करतात त्या बाईंनी." डॉक्टरांनी भुवई वर केली. "हातांनी? यकृत बरं करतात म्हणे त्या?" आणि तुम्हाला सांगतो, मला असा राग आला! मी म्हटलं, "अजिबात नाही! त्या स्वतःच सांगतात, हाताने यकृत बरं होत नाही. त्यांनी डोळ्यांनी बघितलं!"

मग कागद आला सहीला. बारीक अक्षर, तीन पानं. नर्स म्हणाली, "काका, नीट वाचून घ्या." मी वाचायला घेतलं, आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा… न वाचता सही केली. नर्सच मग शेजारी बसली आणि तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. काय ऐकलं, विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी नळीतला खडा दुर्बिणीने काढला, मग आठवड्याने पित्ताशयच काढून टाकलं. त्या सगळ्या दिवसांत मी त्या लोखंडी खुर्चीवर बसून होतो, श्वास छातीत अडकायचा, मग मी आपलाच हात आपल्या बरगडीखाली ठेवायचो आणि म्हणायचो, खाली, हातापर्यंत येऊ दे. यायचा थोडा थोडा. काहीच बरं करत नव्हता तो हात… पण होता.

शुद्धीवर आल्यावर ही काय बोलली असेल? म्हणाली, "घरात बाटली शोधत होते मी… खरं सांगा, कुठे ठेवता?" मी म्हटलं, "घरात नाही. कारखान्यात." तिचे डोळे मोठे झाले. मग सगळं सांगितलं. तिरकं लेबल, सहा बाटल्या, उन्हाळा. ही हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी. "नका हो, नका हसवू, टाके दुखतात!" आणि मी हसू की रडू, मलाच कळेना.

असो. तीन महिन्यांनी माझा रिपोर्ट आला. चरबी बरीच उतरली. आता श्रेय घ्यायला ही रांग! मेव्हणी म्हणाली, "बघा भाऊजी, हात!" डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, "चालण्याचा परिणाम." बायको म्हणाली, "मी तळण बंद केलं म्हणून." मी बाईंना विचारलं, "खरं काय?" तर म्हणाल्या, "मला काय माहीत? तुम्ही सहा बाटल्या सोडल्यात ना?" या बाईला आपली जाहिरात कशी करावी, हे कुणीतरी शिकवायला हवं हो!

कारखान्यात मात्र माझं तोंड कुणी बघत नाही. कारण काय? लेबलं सरळ लागायला लागली! दिवसात एक बाटली तिरकी निघेल तर शपथ. मुकादम विचारतो, "भिंग, यंत्र बदललं का रे?" आणि पट्ट्यावरचे बाकीचे सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

घरी हिची तब्येत चांगली आहे आता. पण मी धसका घेतलाय. रोज सकाळी, चहाच्या आधी, मी हिला खिडकीत उजेडात उभं करतो, हनुवटी धरतो, तोंड जवळ नेतो, डोळ्याखालची कड अलगद ओढतो आणि बघतो, पांढरं आहे ना. मग ती माझं बघते. पाच मिनिटं जातात. आता समोरच्या इमारतीत एक आजीबाई राहतात. त्यांनी पहिल्या दिवशी आमच्याकडे बघितलं, डोळे विस्फारले आणि धाडकन खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चपला घातल्या, म्हटलं, जाऊन खुलासा करून येतो, या वयात काय समजेल ती बाई आपल्याला! तर ही चहा गाळता गाळता, मान वर न करता म्हणाली,

"बसा हो खाली. इतक्या वर्षांत आपल्याबद्दल असा संशय आला होता का कुणाला?"

काढल्या चपला.